शिडाच्या बोटीवर दोन वर्षे राहायचे असेल, तर आधी घरचे पाणी मोजा

दारव्हा तालुक्यातील एका शिक्षक दांपत्याने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. सर भूगोल शिकवतात, मॅडम गणित शिकवतात. चार वर्षांनी दोघेही सेवानिवृत्त होतील आणि त्यानंतरची दोन वर्षे शिडाच्या बोटीवर राहून लांबचा प्रवास करावा, असे त्यांच्या मनात आहे. बोट किती मोठी असावी, तिच्यावरचा रोजचा संसार कसा चालतो, आणि ज्यांनी समुद्र केवळ शाळेच्या सहलीत पाहिला आहे अशा माणसांना हे झेपेल का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी मॅडमनी आपल्या अक्षरात दोन प्रश्न वेगळे जोडले आहेत, त्यांच्याकडे मी शेवटी येतो. मी स्वतः दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे लागते त्या खारपाणपट्ट्यातला आहे. व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये २२ वर्षे काढल्यावर पत्नीसह ३६ फुटी शिडाच्या बोटीवर ९ वर्षे राहिलो आणि आता गावी शेती बघतो.

आपण ‘तारिणी’च्या बातम्या वाचून हा विचार सुरू केला, असे लिहिले आहे. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये त्या बोटीतून २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून चार बंदरांत थांबत ती एकट्याने केली होती. या दोन्ही बोटी गोव्यात बांधलेल्या, सुमारे ५६ फुटी, आणि दक्षिण महासागराच्या थंड वादळी पट्ट्यातून जाण्यासाठी तयार केलेल्या होत्या, व त्यांच्या पाठीशी नौदलाची सारी यंत्रणा उभी होती. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे, पण आपल्या बेताला त्यांचे माप लावू नये. आपल्याला घर हवे आहे, आणि दोन माणसांचे घर ३३ ते ३८ फुटांत बसते. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुठेही न थांबता एकट्याने ३१२ दिवसांत जगाला जी पहिली फेरी मारली, ती ‘सुहेली’ नावाच्या ३२ फुटी बोटीतून मारली होती, आणि ती बोट मुंबईत सागवानात बांधलेली होती. सागवान म्हणजे काय हे आलापल्लीच्या मुलखात सांगण्याची गरज नाही.

लांबीचा आग्रह मी धरतो त्याचे कारण अंगमेहनतीत आहे. ३६ फुटी बोटीचे मुख्य शीड साधारण २५ ते ३० चौरस मीटरचे असते. वारा वाढल्यावर ते खाली ओढून लहान करण्याचे काम साठीतला माणूस विंच, म्हणजे दोर ओढायचा छोटा रहाट, फिरवून एकट्याने करू शकतो. पन्नास फुटी बोटीवर तेच शीड दुपटीच्या आसपास जाते, विंच विजेवर चालणारे घ्यावे लागतात, आणि मध्यरात्री ती वीज गेली की त्या शिडापुढे दोघांचे काही चालत नाही. शिवाय बोटीची लांबी दीडपट झाली की तिचे वजन दीडपटीवर थांबत नाही, तिपटीच्या घरात जाते, आणि रंगापासून नांगरापर्यंत सगळा खर्च त्या वजनामागे धावतो. आपल्याला स्वतःला उचलता, उघडता आणि दुरुस्त करता येईल तेवढीच बोट घ्यावी, हे मी नऊ वर्षांत शिकलो. भर समुद्रात मिस्त्री मिळत नाही.

वेगाबद्दलही एक अपेक्षा आधीच खाली आणावी. अशी बोट सरासरी पाच नॉट, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या थोड्या वर चालते. नागपूरहून वर्धेला जायला ती आठ तास घेईल. मात्र ती रात्री थांबत नाही, म्हणून चोवीस तासांत १२० सागरी मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरचे अंतर तुटते. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे सुमारे २,७०० मैल त्यामुळे तीन आठवड्यांत होतात. या तीन आठवड्यांत वाटेत ना नळ लागतो, ना दुकान, ना विजेचा खांब.

म्हणून पाण्याबद्दल सविस्तर सांगतो. अशा बोटींच्या टाक्यांत दोनशे ते चारशे लिटर पाणी मावते. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार लिटर धरले, तर दोघांना तीस दिवसांसाठी २४० लिटर लागतात, आणि त्यावर एक तृतीयांश तरी राखीव असावे. याचा अर्थ अंघोळ आणि भांडी समुद्राच्या पाण्याने होतात. अंघोळीनंतर अंगावरचे मीठ काढायला लिटरभर गोडे पाणी पुरते. बागेत फवारणीला वापरतात तसला दाबाचा छोटा पंप त्यासाठी उत्तम. खाऱ्या पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही आणि अंगावर चिकट थर बसतो, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला माहीत आहे. बोटीवर त्यासाठी भांडी घासायचा पातळ साबण वापरतात, त्याला समुद्राच्या पाण्यातही फेस येतो. मी खारपाणपट्ट्यातला असल्यामुळे बोटीवरची ही शिस्त मला नवी वाटली नाही. पाण्याचा विचार न करता नळ सोडणारी शहरातली मंडळी मात्र पहिल्या आठवड्यात टाकी अर्ध्यावर आणतात.

खारे पाणी गोडे करणारे यंत्र बोटीवर बसवता येते आणि त्याचे तत्त्व आपल्या गावातल्या आरओ प्लांटचेच आहे, पण दाबात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, दोन हजारांच्या आसपास असतो. समुद्राचा पस्तीस हजारांच्या आसपास असतो. एवढ्या मिठाच्या पाण्याचा नैसर्गिक उलटा दाबच सुमारे २७ बार असल्याने पडद्यातून गोडे पाणी काढायला ५५ बारच्या घरात दाब द्यावा लागतो, आणि मोटारगाडीच्या टायरमध्ये जेमतेम दोन बार हवा असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या छोट्याशा पंपावर काय ताण येतो ते कळेल. बंदरातले तेलकट पाणी त्यात गेले तर पडदा वाया जातो, क्लोरीनचे पाणी गेले तरी जातो, आणि यंत्र आठवडाभर बंद राहिले तर आत जिवाणूंचा थर धरतो. म्हणून यंत्र असले तरी टाकी भरलेली ठेवूनच निघावे आणि यंत्राच्या पाण्याला वरकड समजावे, असे माझे मत आहे.

टाक्या मात्र दोन असाव्यात आणि त्यांची जोडणी वेगवेगळी असावी. हे मी अनुभवाने सांगतो. एका जानेवारीत फुकेटहून श्रीलंकेतील गॅलला जाताना, सुमारे ११०० मैलांच्या त्या टप्प्यातील चौथ्या रात्री, पाय खाली टाकला तर फळीखालून पाणी डुचमळल्याचा आवाज आला. बोटीत पाणी दिसले की पहिली धास्ती बुडाला भोक पडल्याची असते. पत्नीने टॉर्च धरला आणि मी ते पाणी बोटाने जिभेवर लावले. समुद्राचे असते तर सगळे सोडून गळती शोधावी लागली असती. चव गोडी लागली. निघण्यापूर्वी एका यार्डातल्या कामगाराने टाकीची नळी बदलून तिला एकच पट्टी आवळली होती. बोटीच्या हेलकाव्यांनी ती सरकली आणि नव्वद लिटर पिण्याचे पाणी बोटीच्याच पोटात सांडले. बोट बुडत नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकला आणि दुसऱ्याच क्षणी नव्वद लिटरचा हिशोब डोक्यात आला. दुसरी टाकी शाबूत होती, तीत ११० लिटर होते, दोघांना उरलेल्या दिवसांसाठी ते पुरून उरले. तेव्हापासून पाण्याच्या रेषेखालच्या आणि टाकीच्या प्रत्येक नळीला मी दोन पट्ट्या लावतो, आणि बुडातल्या प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवतो, म्हणजे झडप तुटलीच तर अंधारात खुंटी शोधावी लागत नाही.

विजेचे गणित मॅडमना सोपे जाईल. बॅटरीतली वीज अँपिअर-तासांत मोजतात. प्रवासात बारा व्होल्टचा छोटा फ्रिज रोज पन्नास अँपिअर-तासांच्या आसपास घेतो, सुकाणू धरणारा विजेवरचा ऑटोपायलट सत्तर ते शंभर घेतो, दिवे, रेडिओ, नकाशाचा पडदा मिळून आणखी वीस-पंचवीस जातात. चारशे वॉटच्या सोलर पॅनलांवर उष्ण कटिबंधात चांगल्या दिवशी सव्वाशेच्या आसपास मिळतात, तेही पॅनलावर डोलकाठीची किंवा दोरखंडाची सावली पडली नाही तर. शेतातल्या सौरपंपाच्या पॅनलावर बाभळीची एक फांदी आडवी आली तरी पंप कसा मंदावतो, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. साधी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे ४०० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्यांतले २०० च आपले समजावेत. यावर मी काढलेला तोडगा जुना आहे: वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र. मागच्या टोकाला उभे केलेले एक पाते वाऱ्याची दिशा धरते, बोट दिशेवरून ढळली की ते कलते आणि पाण्यातल्या दुसऱ्या पात्याच्या जोराने सुकाणू फिरवते. वीज शून्य लागते. मागून येणाऱ्या मंद वाऱ्यात ते गोंधळते, तेवढा वेळ ऑटोपायलट वापरावा. नऊ वर्षांत आमच्या बोटीवरच्या सगळ्या यंत्रांत सर्वांत कमी कुरकुर याच यंत्राने केली.

जेवणाची चिंता आपण उगाच जास्त केली आहे. विदर्भातल्या घरात उन्हाळ्यात जे वाळवण होते, मुंगवड्या, कुरडया, शेवया, वाळवलेली गवार आणि अंबाडी, ते बोटीसाठीच केल्यासारखे आहे. फक्त दमट खारी हवा पापड-कुरडयांना तासाभरात मऊ करते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यांवाचून गत्यंतर नाही. कांदे-बटाटे जाळीच्या पिशवीत टांगावेत, न धुतलेली अंडी दर दोन दिवसांनी उलटवली तर फ्रिजविना तीन-चार आठवडे टिकतात, आणि दुकानातला पुठ्ठा कधीही बोटीवर चढवू नये, कारण त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. प्रेशर कुकरचे झाकण अडकलेले असते, त्यामुळे हेलकाव्यात तो पडला तरी खिचडी सांडत नाही. भाकरी मात्र मी बंदरात पोहोचेपर्यंत विसरलो होतो. गॅसची एकच गोष्ट गांभीर्याने घ्यावी. तो हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारे उघडून बाहेर घालवता येतो, बोट मात्र वाटीसारखी असल्यामुळे तिच्या तळात साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर बाहेर डेकवर, तळाला समुद्राकडे उघडणारे छिद्र असलेल्या कप्प्यात ठेवतात, आणि स्वयंपाक झाला की तिथली कळ बंद करतात.

आता नांगर. मराठीत शेतातल्या आणि बोटीवरच्या अवजाराला एकच शब्द आहे, आणि तो अगदी योग्य आहे. १९३३ मध्ये जेफ्री इनग्राम टेलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने जो नांगर बनवला, त्याचा फाळ शेतातल्या नांगरासारखाच होता, आणि तसल्या फाळाचे नांगर बोटींवर आजही आहेत. नांगर बोटीला आपल्या वजनाने धरून ठेवतो, हा बहुतेकांचा गैरसमज असतो. ३६ फुटी बोटीचा नांगर पंधरा-वीस किलोचा, तर बोट सात-आठ टनांची असते. तो धरतो ते तळाच्या मातीत रुतून, आणि रुततो केव्हा, तर साखळी तळावर आडवी पडून त्याला जमिनीला समांतर ओढत असते तेव्हा. बैल उंचावरून ओढू लागले तर फाळ जमिनीतून वर निघतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पाण्याची खोली, भरतीची वाढ आणि पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची यांची बेरीज करून तिच्या किमान पाचपट साखळी सोडायची. ओहोटीला पाच मीटर खोली, भरतीची तीन मीटर वाढ आणि टोकाची एक मीटर उंची धरली, तर बेरीज नऊ, साखळी पंचेचाळीस मीटर. वारा दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, अशा वेळी सातपट सोडावी. चिकण गाळ सर्वांत चांगला धरतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चप्पल रुतून बसते, तसाच तो गाळ असतो. खडकाळ तळ किंवा पाणवनस्पतींचा थर असेल तर नांगर धरल्याचे सोंग करतो आणि पहाटे तीनला सुटतो. टाकल्यावर इंजिन मागे चालवून तो ताणून बघावा, किनाऱ्यावरची दोन झाडे किंवा इमारती एका रेषेत धराव्यात आणि ती रेषा हलते का ते अर्धा तास पाहावे. लांब प्रवासाच्या बोटी दहातील नऊ दिवस नांगरावरच असतात, त्यामुळे नांगर, साखळी आणि ती ओढणारा रहाट यांवर खर्च करताना हात आखडू नये.

मार्ग आणि ऋतू सर नकाशावरूनच समजून घेतील. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर छोट्या बोटीचे काम नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडचा चांगला काळ. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, हे पुस्तकातले वाक्य कोकण किनाऱ्याने वर-खाली जाताना घड्याळासारखे खरे ठरते. या किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षा रात्रीच्या मासेमारीच्या जाळ्यांची भीती जास्त बाळगावी. बोट विकत घेण्यासाठी मी भूमध्य समुद्रापेक्षा मलेशियातील लंकावी आणि थायलंडचा पश्चिम किनारा सुचवीन, कारण युरोपातील शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या देशांत, आपल्या पासपोर्टवर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि घरच तिथे उभे असताना घरमालकाने बाहेर पडायचे, ही मोठी पंचाईत होते. १९८० च्या दशकातली धडधाकट ३५ फुटी बोट परदेशात पंचवीस ते साठ हजार युरोंच्या दरम्यान मिळते. देखभालीला दरवर्षी किमतीच्या दहाव्या हिश्श्याची तरतूद ठेवावी, आणि पाण्याबाहेर काढून स्वतंत्र तपासनीसाकडून पाहिल्याखेरीज बोट घेऊ नये. डोलकाठीला धरणाऱ्या पोलादी तारा दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोलावे.

शिकण्याची सुरुवात समुद्रावर व्हायला हवी असे मुळीच नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या बोटींच्या स्पर्धा होतात, भोपाळच्या मोठ्या तलावावरही प्रशिक्षण मिळते, आणि ही दोन्ही ठिकाणे आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहेत. दोन माणसांच्या छोट्या बोटीत चार दिवस उलटेपालटे झाल्यावर वारा मानेला कळू लागतो, तो मोठ्या बोटीवर महिनाभर बसून कळत नाही. त्यानंतर कुणाच्या तरी बोटीवर खलाशी म्हणून एक लांब टप्पा करावा, आणि तोवर स्वतःची बोट घेऊ नये. एक अट मात्र मी घालीन: दोघांनीही सगळे शिकावे. सर कप्तान आणि मॅडम स्वयंपाकघरात, अशी विभागणी केलेली अनेक जोडपी मी पहिल्याच बंदरात बोट विकताना पाहिली आहेत. सर आजारी पडले तर मॅडमना एकटीने बोट बंदरात आणता आली पाहिजे, आणि त्याउलटही.

मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की पोहता येत नसेल तरी चालते, पण शिकून घेतलेले बरे. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत जे शिकतात तेवढे पुरेसे आहे. भर समुद्रात बोट पाच नॉटने पुढे निघून जात असताना उत्तम पोहणाराही तिला गाठू शकत नाही, म्हणून पाण्यात न पडणे हेच पोहणे समजावे. डेकवर पुढून मागे पट्टा ताणलेला असतो, अंगात पट्ट्यांचे जाकीट असते, आणि रात्री खालून वर येताना शेवटच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी जाकिटाचा आकडा अडकवायचा असतो. आमच्या घरात हा नियम मोडल्याबद्दल झालेली भांडणे इतर सगळ्या भांडणांपेक्षा मोठी होती.

दुसरा प्रश्न रात्रीच्या पहाऱ्याचा. होय, एकटीनेच द्यावा लागेल, बहुधा तीन-तीन तासांच्या पाळीने. रानडुकरांपासून तूर वाचवायला जागलीला बसलेल्या माणसाची रात्र आणि ही रात्र यांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे बहुतेक वेळ काहीच घडत नाही आणि त्यामुळेच डोळा लागतो. वीस नॉटने येणारे मालवाहू जहाज समोरून येत असेल, तर आपला पाच नॉटचा वेग मिळवून ते पाच मैलांवरून आपल्यापर्यंत बारा मिनिटांत पोहोचते, आणि त्यावरच्या माणसाने आपला छोटा दिवा पाहिला असेलच असे नाही. जहाजे आपली जागा रेडिओने कळवतात ते टिपणारे एआयएस यंत्र अशा जहाजांची सूचना देते, पण किनाऱ्यालगतच्या कोळ्यांच्या होड्यांवर ते बहुधा नसते. म्हणून आम्ही स्वयंपाकघरातले बारा मिनिटांनी वाजणारे चावीचे घड्याळ दोरीने गळ्यात अडकवत असू. वाजले की उठायचे, चारही दिशा सावकाश पाहायच्या, शिडावर आणि होकायंत्रावर नजर टाकायची, पुन्हा चावी द्यायची. सुरुवातीचे काही दिवस त्या आवाजाने मी दचकून उठत असे. दुसऱ्या आठवड्यापासून अकराव्या मिनिटालाच उभा राहू लागलो, आणि गावी परत आल्यावर कित्येक महिने रात्री अंगणात तसाच उठून उभा राहत होतो.